पैसा फंड, मूठभर धान्य आणि खरी कमाई : शाळेच्या मंडळाला पैसे कुणी द्यायचे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण विषय आपल्या पोरांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आपल्या भागातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान मंडळ आहे. शाळेचं नाव घेत नाही, कारण हा प्रश्न एका शाळेचा नाहीच. मंडळात चाळीसेक मुलं-मुली. त्यांना एक दुर्बीण घ्यायची आहे. पंधरा-वीस हजारांचा मामला. शाळेकडे त्यासाठी पैसा नाही, अनुदानात असलं काही बसत नाही. मग पैसे उभे कसे करायचे? पालकांच्या ग्रुपवर दोन मतं पडली. एक मत : प्रत्येकानं पाचशे रुपये काढा, यादी ग्रुपवर टाका, विषय संपवा. दुसरं मत : अमुक साहेबांना भेटू, ते एका फोनवर सगळे पैसे देतील. फक्त गेटवर फ्लेक्स लागेल आणि दुर्बिणीवर नाव.

वरवर पाहिलं तर दोन्ही मार्ग सोपे. पण त्या चाळीस जणांत ऊसतोड मजुराची पोरगी आहे, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईचा मुलगा आहे. पाचशेची यादी ग्रुपवर पडली की ही पोरं काय करतात, माहीत आहे? घरी मागतच नाहीत. सरळ सांगतात, 'मला मंडळात यायचं नाही.' आणि आपण म्हणतो, त्याला विज्ञानाची आवडच नव्हती.

दुसऱ्या मार्गात पोरांना काही पडत नाही, हे खरं. पण त्यांचा त्यात काही वाटाही राहत नाही. दुर्बीण साहेबांची, कार्यक्रम साहेबांचा, पोरं फक्त टाळ्या वाजवायला.

म्हणून म्हटलं, जरा मागं वळून बघू. शाळेसाठी, समाजाच्या कामासाठी पैसे मागायची कला या महाराष्ट्राला काही नवीन नाही. आपल्या बापजाद्यांनी या प्रश्नावर चांगला शंभर-सव्वाशे वर्षं विचार केलाय.

एक पैसा

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक साधा हिशेब मांडला. देशी उद्योग उभे करायला भांडवल नाही, असं सगळे म्हणतात. मग प्रत्येक माणसानं वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. तेव्हाच्या रुपयात सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे. एका पैशानं कुणी भिकेला लागत नाही. पण देणारे लाखो झाले तर? हाच तो पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला. जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथं तांत्रिक बाजू सांभाळली. तिथं काम शिकलेली माणसं पुढं ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली.

आता यातली खुबी बघा. पैसा फंडात कुणी मोठा नव्हता आणि कुणी छोटा नव्हता. वकिलाचाही पैसाच आणि हमालाचाही पैसाच. रक्कम इतकी लहान ठेवली की 'मला परवडत नाही' असं म्हणायची वेळ कुणावर येऊ नये. पाचशेची यादी आणि पैसा फंड, दोन्हीत सगळ्यांना सारखंच मागितलंय. पण एकात गरीब बाहेर पडतो, दुसऱ्यात आत येतो. फरक रकमेचा आहे, आणि तोच फरक सगळं ठरवतो.

दोन अण्णा

आपल्याकडं शिक्षणासाठी झोळी फिरवणारे दोन अण्णा होऊन गेले. एक महर्षी अण्णा, म्हणजे धोंडो केशव कर्वे. दुसरे आपल्या साताऱ्याचे कर्मवीर अण्णा, भाऊराव पाटील.

कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढं तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. कॉलेजात गणित शिकवायचं आणि हिंगण्याला पायी जायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. सुट्टी लागली की गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायची. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. म्हणजे मोठ्या देणगीदाराचं वावडं कर्व्यांनाही नव्हतं.

पण पुढचं ऐका. पंधरा लाख मिळाले म्हणून या माणसानं छोट्या वर्गण्या सोडल्या का? नाही. हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी प्रसिद्ध आहे. दिवाळीत संस्थेच्या बायका घरोघर जाणार आणि भावाकडून ओवाळणी मागावी तशी शिक्षणासाठी ओवाळणी मागणार. कल्पना किती साधी! नवीन सण काढला नाही, नवीन कार्यक्रम काढला नाही. लोकांच्या घरात जी रीत होती, तिच्यातच शाळेसाठी एक ताट ठेवलं. देणाऱ्यालाही आपण दान देतोय असं वाटत नाही, बहिणीला देतोय असं वाटतं.

आणि १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, याच अण्णांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवीन मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती, तिथं शाळा काढायच्या, म्हणून हा म्हातारा माणूस पुन्हा लोकांच्या दारात उभा राहिला. पंधरा लाखांची देणगी मिळवलेला माणूस चार-आठ आण्यांसाठी दार वाजवत होता. का? कारण त्याला कळलं होतं, मोठी देणगी इमारत देते, पण छोटी वर्गणी माणूस जोडून देते. ज्यानं चार आणे दिले तो वर्षभरानं विचारतो, 'काय हो, शाळा कशी चाललीय?' हा प्रश्न विचारणारी हजार माणसं असली की शाळा बंद पडत नाही.

आता दुसरे अण्णा. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंगतीत. १९२७ मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. हा इतिहास आपल्याकडं पोरासोरांना पाठ आहे. त्यातली पैशाची बाजू मात्र आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतो.

खेड्यातल्या शेतकऱ्याकडं रोकड नव्हती. मग अण्णांनी रोकड मागितलीच नाही. धान्य मागितलं. दळणाला बसण्याआधी बाईनं एक मूठ बाजूला काढायची, बस्स. पैसा नसलेली बाईसुद्धा शाळेची देणगीदार झाली. ज्या घरात मूठ निघत होती, त्या घराला आपला पोरगा शाळेत घालायचंही धाडस आलं. आणि जिथं मूठही कमी पडली, तिथं लक्ष्मीबाईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा गेलं, पण वसतिगृहातल्या पोरांची चूल विझू दिली नाही.

पोरंही बसून खात नव्हती. 'कमवा आणि शिका' हे आज कॉलेजच्या माहितीपुस्तकात छापलेलं असतं, तेव्हा ते रोजचं जगणं होतं. शेतात काम करायचं, बांधकामावर दगडमाती उचलायची, स्वयंपाकात हात लावायचा आणि शिकायचं. स्वतःच्या घामानं उभी केलेली भिंत कुणी खरडत नाही, बरं का.

साताऱ्यात जुनी माणसं एक आठवण सांगतात. छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालं, त्या काळातली. एका धनिकानं मोठी रक्कम देऊ केली, पण कॉलेजचं नाव बदला म्हणाला. अण्णांनी नकार दिला. पैशाची गरज तर कायमच होती. पण देणगी घेणं वेगळं आणि देणगीच्या बदल्यात घर देऊन टाकणं वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कर्व्यांनी नाव लावलं, कर्मवीरांनी नाव नाकारलं. यात चूक-बरोबर काढत बसू नका. ठाकरसींच्या देणगीनं विद्यापीठ मुलींचंच राहिलं, ज्या कामासाठी काढलं ते काम वाढलं. दुसऱ्या प्रसंगात रयतेनं ज्या नावाखाली मूठ-मूठ दिली ते नावच विकायचं होतं. देणगीदारापुढं प्रश्न एवढाच ठेवायचा : साहेब, तुमच्या पैशानं आमचं काम वाढतंय, की आमच्या कामानं तुमचं नाव वाढतंय?

पोरांनी स्वतः कमावलं तर?

आतापर्यंत मोठ्यांनी पोरांसाठी मागितलं, त्याची गोष्ट झाली. पोरांनी स्वतः आपल्या मंडळासाठी कमवायचं, हा दुसरा प्रवाह आहे. तो आपल्याकडं बराचसा स्काउटमधून आला.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मस्कोगी नावाचं गाव आहे. तिथल्या गर्ल स्काउटच्या एका पथकानं १९१७ च्या डिसेंबरात घरी बिस्किटं भाजली आणि हायस्कूलच्या कॅन्टीनमध्ये विकली. पथकाचा खर्च निघावा, एवढाच हेतू. १९२२ मध्ये त्यांच्या मासिकात बिस्किटांची कृतीच छापून आली. सहा-सात डझन बिस्किटांना सव्वीस ते छत्तीस सेंट खर्च, आणि विकायची डझनाला पंचवीस-तीस सेंटला. म्हणजे कृतीसोबत हिशेबही! पुढं दुसऱ्या महायुद्धात साखर-लोण्याची टंचाई झाली, तर पोरींनी बिस्किटं सोडून कॅलेंडरं विकली. आज तो धंदा प्रचंड मोठा झालाय, कारखान्यात बिस्किटं बनतात. पण मुळात ती चार पोरींची भट्टी होती.

इंग्लंडात १९४९ पासून स्काउटची पोरं वर्षातून एक आठवडा घरोघर जाऊन काम मागायची. कुणाच्या बागेतलं गवत काढ, कुणाचे बूट पॉलिश कर, आणि एक शिलिंग घे. हात पसरायचा नाही, काम करून घ्यायचं. नव्वदच्या दशकात ते बंद पडलं. अनोळखी घरात पोरं पाठवणं लोकांना सुरक्षित वाटेना, आणि ती काळजी रास्तच होती.

आपल्याकडची 'खरी कमाई' याच घराण्यातली. जे स्काउट-गाईडमध्ये होते त्यांना आठवेल. हातात कार्ड. शेजारच्या काकूंकडं जायचं, अंगण झाडायचं, दुकानातून सामान आणून द्यायचं, सायकल पुसायची. काकू कार्डावर लिहिणार : काय काम केलं, किती दिले, आणि सही. त्या दोन-पाच रुपयांची ऐट काय विचारता! 'खरी' हा शब्दच किती नेमका आहे. बापाच्या खिशातून काढून आणलेली ती कमाई नव्हे.

पण याच काळात एक वाईट सवयही लागली, तीही सांगितली पाहिजे. तिकिटांचं किंवा कुपनांचं पुस्तक पोराच्या हातात द्यायचं आणि 'सोमवारपर्यंत खपवून आण' म्हणायचं. काम चांगलंच असायचं, कधी सैनिकांसाठी, कधी रुग्णांसाठी. पण न खपलेली तिकिटं शेवटी बापच विकत घ्यायचा. ज्याच्या बापाला जमत नसे ते पोर मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना ती मान आठवत असेल. वर्गात उभं करून 'किती आणले' असं विचारणं आणि व्हॉट्सअॅपवर यादी टाकणं, गोष्ट एकच. फक्त फळा बदलला.

मग दुर्बिणीचं काय?

या सगळ्या इतिहासातून मला तीन नियम दिसतात. एक, मागणं इतकं लहान ठेवा की कुणीही बाहेर राहू नये. दोन, देणाऱ्याला बदल्यात काहीतरी द्या : वस्तू, काम, नाहीतर निदान हिशेब. तीन, पोरांचा घाम त्यात असू द्या. हे तीन नियम धरून मी काही सुचवतो.

रद्दी. मी पेपरवाला, म्हणून ही पहिली सुचणारच! चाळीस पोरं. प्रत्येकानं आपल्या ओळखीची, आपल्याच गल्लीतली पाच घरं धरायची. झाली दोनशे घरं. दोन महिन्यांत एका घरातून पाच किलो रद्दी आणि जुन्या वह्या निघाल्या तर एक टन माल होतो. किलोला दहा रुपये धरले तरी दहा हजार. अर्धी दुर्बीण झाली. कुणाच्या खिशातून एक रुपया न काढता. आणि ऊसतोड मजुराची पोरगी इथं डॉक्टरच्या पोराइतकीच मोठी, कदाचित पाच किलो जास्तच आणेल.

आनंद बाजार. आपल्या शाळांत भेळ आणि लिंबू सरबताचे स्टॉल दरवर्षी लागतात. पण नफा कुठं जातो, कुणाला माहीत नसतं. यंदा फळ्यावर लिहा : साहित्याला इतका खर्च, विक्री इतकी, शिल्लक इतकी, ती दुर्बिणीसाठी. गणिताचा तास वेगळा घ्यायला नको. मात्र साहित्य पोरांनी घरून आणायचं नाही. मंडळानं थोडं भांडवल द्यायचं, नाहीतर पुन्हा भार पालकांवरच.

सणाचा माल. राखीला राख्या, दिवाळीला आकाशकंदील आणि उटणं. भाऊबीज निधीची हीच युक्ती, लोक जे घेणारच आहेत ते शाळेकडून घेऊ द्या.

जून महिन्यातला जुन्या पुस्तकांचा आणि गाईडांचा बाजार. वरच्या वर्गानं द्यायचं, खालच्यानं निम्म्या किमतीत घ्यायचं, दहा टक्के मंडळाला.

खरी कमाई, पण काळजी घेऊन. फक्त ओळखीची घरं, जोडीनं जायचं, दिवसाउजेडी जायचं, आणि कार्ड मास्तरांनी तपासायचं. अभ्यासाच्या वेळेत नाही.

आणि हो, लकी ड्रॉची कुपनं नकोत. पोरांच्या हातात नशिबाचा खेळ देऊ नका. शिवाय कायद्याच्या दृष्टीनंही ती भानगडच आहे.

मग साहेबांचं काय करायचं? त्यांना नाही म्हणू नका. त्यांना जाऊन सांगा : 'साहेब, पोरं जितके जमवतील तितकेच तुम्ही घाला.' पोरांनी आठ हजार जमवले तर साहेबांचे आठ. असं केलं तर पोरांच्या प्रत्येक रुपयाची किंमत दुप्पट होते आणि साहेबांनाही पोरांच्या बरोबरीनं उभं राहावं लागतं. नाव हवं असेल तर हिशेबाच्या कागदावर येईल, बाकीच्या सगळ्यांच्या नावांबरोबर.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिशेब. गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, ही बातमी आम्ही दरवर्षी छापतो. शाळेच्या मंडळानंही मुख्याध्यापकांची आणि शाळेच्या समितीची लेखी परवानगी घ्यावी. पैसे कुणा एका शिक्षकाच्या मोबाईलवर घेऊ नयेत, शाळेच्या खात्यात जावेत. पावती द्यावी. आणि महिन्याच्या शेवटी जमा-खर्च शाळेच्या फळ्यावर, पोरांच्या अक्षरात. कुणी किती दिले ती यादी नको, एकूण किती आले आणि कुठं गेले ते हवं. देणाऱ्याची लाज राखायची आणि घेणाऱ्याचा हिशेब उघडा ठेवायचा. आपण नेमकं उलटं करतो.

हे सगळं करायला वेळ लागेल. साहेबांच्या फोननं दुर्बीण आठवड्यात येईल, या मार्गानं चार-पाच महिने जातील. आकाशातल्या ग्रहांना घाई नाही, शनीची कडी कुठं पळून चालली नाहीत. पण पाच महिन्यांनी जेव्हा शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लागेल, तेव्हा रद्दी देणाऱ्या दोनशे घरांनाही बोलवा. ज्या काकूंनी दोन महिन्यांचे पेपर बांधून ठेवले होते, त्यांनाही चंद्रावरचे खड्डे बघू द्या. त्या दिवशी ती दुर्बीण गावाची होईल.

तुमच्या शाळेत कबड्डी संघाच्या बुटांसाठी, सहलीसाठी, वाचनालयासाठी पैसे कसे जमवले होते? खरी कमाईचं कार्ड कुणाकडं अजून जपलेलं आहे का? कमेंटमध्ये लिहा, फोटो असेल तर टाका. आणि तुमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर सध्या एखादी यादी फिरत असेल, तर तिच्याखाली ही पोस्ट टाका.